शरदाचे आकाश, शिशिराची नोंद : आल्प्सच्या हवाई छायाचित्रांचा इतिहास

युरोपीय साहित्यातील 'ऑटम' किंवा 'हेर्ब्स्ट' या ऋतूसाठी मराठी शब्द शोधताना अनुवादकाची नेहमीच पंचाईत होते. पंचांगाच्या हिशेबाने तो शरद ठरतो, कारण महिने सप्टेंबर-ऑक्टोबरचेच असतात. परंतु 'शरद' म्हटले की आपल्या मनात उभे राहते ते पावसाने धुऊन निघालेले आकाश, निवळलेले पाणी आणि कोजागरीचे चांदणे. युरोपीय कवितेतील त्या ऋतूची मुख्य खूण म्हणजे पानगळ. आणि पानगळ आपल्या काव्यपरंपरेने शिशिराला देऊन टाकली आहे. म्हणून भाषांतरकार कधी तिथीशी प्रामाणिक राहतो, कधी भावाशी. दोन्ही एकदम साधत नाही.

आल्प्स पर्वतात मात्र हे दोन्ही ऋतू एकाच वेळी हजर असतात. ऑक्टोबरमध्ये तेथे आकाश आपल्या शरदासारखे निर्मळ असते आणि त्याच आकाशाखाली लार्च वृक्षांच्या सुया सोनेरी होऊन गळू लागतात. (सूचिपर्णी कुळात जन्मूनही दरवर्षी पाने टाकून देणारा हा आल्प्समधला एकमेव वृक्ष.) या लेखात आल्प्सच्या हवाई छायाचित्रांचा इतिहास या दोन शब्दांच्या आधाराने वाचण्याचा प्रयत्न आहे. ही छायाचित्रे घेणाऱ्यांना त्या ऋतूतला शरद हवा होता. म्हणजे स्वच्छ हवा आणि लांबवर पोहोचणारी नजर. त्यांच्या चित्रांत शिशिर कोठेच नव्हता. शंभर वर्षांनंतर आज तीच चित्रे आपण पाहतो तेव्हा मात्र आपल्याला प्रामुख्याने शिशिर दिसतो. हे परिवर्तन कसे घडले, आणि त्यातून चित्र 'वाचणे' या क्रियेविषयी काय हाती लागते, हा येथला प्रश्न आहे.

वरून पाहण्याची कल्पना कॅमेऱ्याहून कितीतरी जुनी आहे, हे संस्कृत साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. 'रघुवंशा'च्या तेराव्या सर्गात लंकेहून परतणारा राम पुष्पक विमानातून खालचा प्रदेश सीतेला दाखवितो. 'शाकुंतला'च्या सातव्या अंकात इंद्राच्या रथातून उतरणाऱ्या दुष्यंताला पर्वतशिखरांवरून जमीनच खाली सरकत असल्याचा भास होतो. प्रत्यक्ष कोणी उडालेले नसताना कालिदासाने कल्पिलेला हा दृष्टिभ्रम आजच्या विमानप्रवाशालाही ओळखीचा वाटेल. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सेतूने दुभागलेल्या समुद्राला उपमा देताना कालिदासाच्या रामाला आठवते ते आकाशगंगेने दुभागलेले शरदातले प्रसन्न आकाश. वरून घेतलेल्या दर्शनाची आणि शरदातल्या स्वच्छतेची सांगड अशी फार पूर्वीच घातली गेली आहे.

युरोपात पर्वताविषयीचे चिंतन मात्र खालून वर पाहत घडले. अल्ब्रेख्त फॉन हालर यांचे आल्प्सवरील दीर्घकाव्य १७३२ मध्ये प्रसिद्ध झाले. एडमंड बर्क यांनी १७५७ मध्ये आणि इमॅन्युएल कांट यांनी १७९० मध्ये 'उदात्त' या संकल्पनेची मांडणी केली. शेलीने १८१६ मध्ये माँ ब्लां शिखरावर कविता लिहिली. या सर्वांच्या विवेचनात किंवा अनुभवात एक गोष्ट गृहीत आहे: पाहणारा लहान आहे, त्याचे पाय जमिनीवर आहेत आणि पर्वत त्याच्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेर गेला आहे. शिखरावर चढून पाहिले तरी हे नाते फारसे बदलत नाही. त्या उंचीची किंमत शरीराने मोजलेली असते. उदात्ताचा अनुभव हा एका अर्थी मानेला ताण देऊन घेतलेला अनुभव आहे. डोंगर डोळ्यांच्या खाली गेला तर त्या अनुभवाचे काय होईल, हा प्रश्न या विचारवंतांपुढे येण्याचे कारणच नव्हते.

तो प्रश्न फुग्याने आणि कॅमेऱ्याने आणला, पण हळूहळू. पॅरिसच्या नादार यांनी १८५८ मध्ये फुग्यातून पहिले छायाचित्र घेतले. ते आज उपलब्ध नाही. आज हाती असलेले सर्वांत जुने हवाई छायाचित्र जेम्स वॉलेस ब्लॅक यांनी १३ ऑक्टोबर १८६० रोजी बॉस्टन शहराचे घेतले. त्याच सुमारास, १८६१ मध्ये, ओग्युस्त-रोझाली बिसाँ हमालांच्या पाठीवर सामान लादून माँ ब्लांच्या माथ्यावर पोहोचले आणि तेथून त्यांनी तीन छायाचित्रे आणली. तेव्हाची काच ओली असतानाच वापरावी लागे. म्हणजे काचेला रसायनाचा लेप देणे, चित्र घेणे आणि ते धुणे हे सगळे काही मिनिटांत, अंधाऱ्या तंबूत उरकावे लागे. बर्फावर हे कठीण होते. हेलकावणाऱ्या टोपलीत तर जवळजवळ अशक्यच. फ्रांस्वा आर्बान १८४९ मध्येच मार्सेयहून फुग्यातून आल्प्स ओलांडून तुरिनच्या परिसरात उतरले होते, पण रात्रीच्या वेळी आणि कॅमेऱ्याशिवाय. जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचा १८८० च्या आसपास बाजारात सहज मिळू लागल्या, तेव्हा कुठे आल्प्सच्या हवाई छायाचित्रणाची वाट मोकळी झाली.

त्या वाटेवरचे पहिले मोठे नाव एडुआर्ड स्पेल्टेरिनी यांचे. जन्म १८५२, स्वित्झर्लंडच्या झांक्ट गालेन प्रांतातील बाझेनहाइड गावी. मूळ आडनाव श्वायत्सर, म्हणजे शब्दशः 'स्विस'. ते टाकून त्यांनी इटालियन वळणाचे नाव घेतले, कारण त्यांचा धंदा प्रथम तमाशगीराचा होता. १८८८ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या फुग्याखाली लिओना डेअर ही कसरतपटू लोंबकळत खेळ करीत असे आणि खाली गर्दी लोटत असे. फुगा तेव्हा सर्कशीच्या शेजारची गोष्ट होती. स्पेल्टेरिनींनी १८९० च्या दशकात टोपलीत कॅमेरा घेतला आणि हळूहळू कसरतीची जागा चित्राने घेतली. कॅमेरा व काचा मिळून ओझे बरेच होई. फुग्यात प्रत्येक किलो मोजावा लागतो, कारण तितकीच वाळू कमी घ्यावी लागते आणि वाळू संपली की उंची आपल्या हातात राहत नाही. छायाचित्राची किंमत येथे अक्षरशः वजनात मोजली जात होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा दिवस ३ ऑक्टोबर १८९८. त्या दिवशी रोन नदीच्या खोऱ्यातील सियों गावाहून 'वेगा' हा फुगा आकाशात गेला. टोपलीत स्पेल्टेरिनींबरोबर झुरिखचे ख्यातनाम भूगर्भशास्त्रज्ञ आल्बेर्ट हाइम आणि हवामानशास्त्रज्ञ युलियुस माउरर होते. वारा ईशान्येकडे नेईल आणि उंच आल्प्सची रांग लांबीने ओलांडता येईल, असा बेत होता. वाऱ्याने तो मानला नाही. फुगा वायव्येला वळला, ल दियाब्लरे पर्वतावरून, पुढे जुरा डोंगरांवरून गेला आणि सुमारे पावणेसहा तासांनी, सव्वादोनशे किलोमीटरांवर, फ्रान्समधील दिजाँ व लांग्र यांच्या दरम्यान उतरला. वाटेत त्याने सहा हजार मीटरांहून अधिक उंची गाठली होती. पुढल्याच वर्षी, १८९९ मध्ये, या प्रवासाचा वृत्तांत तिघांच्या नावे बाझेल येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. बेत फसला असला तरी विज्ञानासाठी, केवळ पाहण्यासाठी केलेला आल्प्सवरील हा प्रवास पुढच्या अनेक उड्डाणांचा आरंभ ठरला. स्पेल्टेरिनी नंतरच्या दशकात पुनःपुन्हा आल्प्सवर गेले. १९०९ मध्ये शामोनीहून निघून ते माँ ब्लांच्या परिसरावरूनही गेले.

ऑक्टोबर हा महिना योगायोगाने आला नव्हता. उन्हाळ्यात दऱ्यांतून तापलेली हवा वर चढते, दुपारी ढग माथ्यांना वेढतात, आणि दमट धूसर पडद्यातून दूरचे काही दिसत नाही. शरदात जमीन थंड होते, हवा स्थिर होते. स्वित्झर्लंडच्या सखल पठारावर तेव्हा धुके दाटते आणि दिवसचे दिवस हलत नाही. जर्मनमध्ये त्याला धुक्याचा समुद्रच म्हणतात. पठारावरची माणसे राखाडी छताखाली वावरत असतात आणि त्या छतावर, हजार-बाराशे मीटरांच्या वर, लख्ख ऊन असते. खालची धूळ व धूर धुक्यातच अडकून पडतात. वर गेलेल्याला शंभर-दीडशे किलोमीटरांवरची रांग कोरल्यासारखी दिसते.

दुसरे कारण सूर्याच्या उंचीचे. आल्प्सच्या अक्षांशावर जूनअखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ६७ अंश वर असतो. ऑक्टोबरच्या आरंभी तो सुमारे ४० अंशांवर उतरतो. तिरप्या उन्हात सावल्या लांबतात आणि सावलीमुळेच वरून पाहणाऱ्याला उठाव कळतो. डोक्यावरच्या उन्हात उंच सुळकाही चपटा होऊन जातो. तिसरे कारण पहिल्या हिमाचे. शरदातला तो पातळ थर कड्यांच्या आडव्या पायऱ्यांवर टिकतो आणि उभ्या भिंतींवरून घसरून पडतो. त्यामुळे खडकाचे थर, त्यांचे मुरडणे, तुटणे हे सारे पांढऱ्या रेघांनी अधोरेखित केल्यासारखे उमटते. भूगर्भशास्त्रज्ञाला याहून चांगले पान वाचावयास मिळणे कठीण.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र चित्रात उतरत नव्हती, ती म्हणजे शरदाचा रंग. त्या काळच्या काचांना निळा प्रकाश तीव्रतेने जाणवे, तांबडा जवळजवळ जाणवतच नसे. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी लेपात रंगद्रव्ये मिसळून काचेची दृष्टी हिरव्या-पिवळ्याकडे वाढविण्याचा मार्ग शोधला होता. सर्व रंग जाणणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. तोपर्यंत, आणि नंतरही पुष्कळदा, सोनेरी लार्चची वने चित्रात गडद डागांसारखी दिसत. हवेतला निळसर धूसरपणा मात्र डोळ्याला दिसतो त्याहून अधिक पांढरा उमटे आणि दूरची शिखरे पुसून टाकी. म्हणून भिंगापुढे पिवळी काच धरावी लागे, आणि म्हणूनच शरदाची हवा लागे. ज्या ऋतूची कविता रंगाच्या जोरावर उभी आहे, त्या ऋतूत जाऊन या छायाचित्रकारांनी रंग सोडून बाकी सगळे आणले. पानगळ त्यांच्या काचेला दिसतच नव्हती. आरंभीच्या हवाई चित्रांत शिशिर नाही असे जे वर म्हटले, त्याचे एक कारण असे रासायनिक आहे.

वरून पाहिल्यावर पर्वत 'समजतो' अशी एक भाबडी समजूत या चित्रांबरोबर पसरली. आल्बेर्ट हाइम यांचे उदाहरण तिला छेद देणारे आहे. हाइम हे आल्प्सचे असामान्य निरीक्षक होते. हाताने रेखाटलेली त्यांची क्षितिजदर्शी चित्रे आणि पर्वतांच्या प्रतिकृती आजही वाखाणल्या जातात. ग्लारुस भागात जुने खडक नव्यांच्या वर कसे आले, या कोड्याचे उत्तर त्यांनी दोन बाजूंनी आलेल्या दुहेरी घडीच्या सिद्धान्ताने दिले होते. १८८४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मार्सेल बेर्त्राँ यांनी वेगळे उत्तर मांडले: घडी दोन नाहीत, एकच प्रचंड थर दक्षिणेकडून सरकत वर चढला आहे. लक्षणीय गोष्ट अशी की बेर्त्राँ यांनी तोवर ग्लारुस पाहिलेही नव्हते. त्यांनी हाइम यांच्याच प्रसिद्ध आकृत्या नव्या दृष्टीने वाचल्या होत्या. हाइम यांनी हे मत जाहीरपणे स्वीकारले ते १९०२ मध्ये, म्हणजे 'वेगा'च्या उड्डाणानंतर चार वर्षांनी. 'वेगा' ग्लारुसवरून गेला नव्हता, तेव्हा त्या उड्डाणावर या विलंबाचा दोष ठेवण्याचे कारण नाही. तरीही साहित्याच्या अभ्यासकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. एकाने आयुष्यभर डोंगर पाहिला आणि दुसऱ्याने त्याचे टिपण वाचले, आणि अर्थ दुसऱ्याला आधी लागला. उंच जागा मिळाल्याने वाचनाची जबाबदारी संपत नाही.

फुग्याची मर्यादा त्याच्या स्वभावात होती. तो वाऱ्याबरोबर जातो. म्हणून टोपलीत वारा जाणवत नाही आणि कॅमेरा स्थिर राहतो, परंतु कोठे जायचे आणि कोठून पाहायचे हे छायाचित्रकार ठरवू शकत नाही. एकदा निसटलेला कोन पुन्हा मिळत नाही. ही मर्यादा विमानाने दूर केली. २३ सप्टेंबर १९१० रोजी पेरूचे गेओ चावेस यांनी ब्रिग येथून निघून सिंप्लोन खिंडीवरून आल्प्स ओलांडले. दोमोदोस्सोला येथे उतरताना विमान कोसळले आणि चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. पुढे पहिल्या महायुद्धाने विमान आणि कॅमेरा यांची जोडी पक्की केली. शत्रूचे खंदक वरून टिपण्यासाठी घडविलेले कौशल्य युद्धानंतर बेकार झाले आणि पर्वतांकडे वळले.

वाल्टर मिट्टेलहोल्त्सर हे या वळणाचे प्रतिनिधी. जन्म १८९४, झांक्ट गालेन येथे, वडील बेकरीवाले. म्हणजे स्पेल्टेरिनींच्याच प्रांतातले. छायाचित्रणाचा धंदा शिकलेले, युद्धकाळात स्विस सैन्यात हवाई छायाचित्रकार आणि वैमानिक झालेले. १९१९ मध्ये त्यांनी आल्फ्रेड कोंत यांच्यासह हवाई वाहतुकीची व छायाचित्रणाची कंपनी काढली. पुढे अनेक विलीनीकरणांतून १९३१ मध्ये 'स्विसएअर' जन्माला आली, तिच्या आरंभीच्या संचालकांत ते होते. उघड्या विमानातून, कठड्याबाहेर कॅमेरा धरून घेतलेली त्यांची चित्रे तिरप्या कोनाची असत. पोस्टकार्डे, शाळेचे तक्ते, प्रवासी कंपन्यांची पत्रके आणि पुस्तके यांतून ती घरोघर गेली. 'पक्ष्याच्या नजरेतून स्वित्झर्लंड' अशा अर्थाचा, ओटो फ्ल्यूकिगर यांनी सिद्ध केलेला ग्रंथ १९२४ मध्ये निघाला आणि त्यात मिट्टेलहोल्त्सर यांची चित्रे होती. १९२८ मध्ये त्यांचे 'आल्प्सउड्डाण' या अर्थाचे पुस्तक आले. त्याच वर्षी वृद्ध स्पेल्टेरिनींचे 'ढगांच्या वर' या अर्थाचे पुस्तकही आले. एक युग आपली चित्रे आवरून ठेवीत होते आणि दुसरे मांडीत होते. स्पेल्टेरिनी १९३१ मध्ये ऑस्ट्रियातील एका खेड्यात, जवळजवळ विस्मृतीत, वारले. मिट्टेलहोल्त्सर १९३७ मध्ये ऑस्ट्रियातच गेले. आयुष्यभर डोंगरांवरून उडालेल्या या माणसाला मरण आले ते डोंगर चढताना.

या तिरप्या कोनाचाही थोडा विचार केला पाहिजे. सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्र अधिक 'खरे' असेल असे वाटते. नकाशासाठी ते लागतेही. पण अशा चित्रात एक चमत्कारिक भ्रम होतो. उत्तर गोलार्धात ऊन दक्षिणेकडून येते आणि नकाशाच्या शिरस्त्याप्रमाणे उत्तर वर ठेवून चित्र पाहिले की उजेड खालून आल्यासारखा दिसतो. आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय असल्याने दऱ्या उंचावतात आणि कडे खचतात: पर्वत उलटा वाचला जातो. स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहोफ यांच्या परंपरेत नकाशावरची छाया वायव्येकडून येणाऱ्या उजेडाची धरतात. प्रत्यक्षात आल्प्समध्ये दिवसा तेथून ऊन कधीच पडत नाही. डोळ्याला डोंगर डोंगरासारखा दिसावा म्हणून केलेला तो संकेत आहे. मिट्टेलहोल्त्सर यांचे तिरपे चित्र हा भ्रम टाळते, कारण त्यात क्षितिज असते, पुढचे व मागचे असते. त्यात पर्वत पुन्हा 'देखावा' होतो. उदात्त संपले नाही. त्याने आसन बदलले. आता पाहणारा लहान राहिला नव्हता. पर्वताची भव्यता कायम ठेवून ती आपल्या ताब्यात असल्याचा दिलासा या चित्रांनी प्रेक्षकाला दिला. ज्या काळात राष्ट्र, पर्यटन आणि विमानकंपनी या तिन्हींना तोच दिलासा हवा होता, त्या काळात ही चित्रे लोकप्रिय झाली, यात नवल नाही.

आता दुसऱ्या एका नोंदवहीकडे वळले पाहिजे. आपल्याकडे व्यापारी दिवाळीला जुनी वही मिटून नव्या वहीची पूजा करतात. हिमनद्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही शरदातच हिशेब मिटवितात. त्यांचे वर्ष ३० सप्टेंबरला संपते आणि १ ऑक्टोबरला नवे सुरू होते. हिवाळ्यात पडलेले हिम ही जमा, उन्हाळ्यात वितळलेले ही वजावट. बाकी काय उरले ते उन्हाळा संपता संपता कळते. रोन हिमनदीवर १८७४ पासून १९१५ पर्यंत रंगविलेल्या दगडांच्या रांगा मांडून बर्फाची चाल मोजण्यात आली. १८८० च्या दशकापासून फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल यांच्या पुढाकाराने अनेक हिमनद्यांच्या तोंडांची जागा दर शरदात नोंदविण्याची प्रथा पडली. हे काम वर्षानुवर्षे प्रांतांच्या वनखात्यांतील माणसांनी केले. 'वेगा' उडाला तो दिवस या हिशेबाने नव्या वहीचा तिसरा दिवस होता.

येथे एक पेच उभा राहतो. हिशेबनीस शास्त्रज्ञाला चित्र हवे असते ते पहिले हिम पडण्याआधीचे. तेव्हा जुने, मळकट बर्फ उघडे असते, त्यावरची हिमरेषा सर्वांत वर सरकलेली असते आणि हिमनदीची कड स्पष्ट दिसते. नवे हिम पडले की कड झाकली जाते. खडक आणि बर्फ एकाच पांढऱ्याखाली जातात. सौंदर्याच्या शोधातील छायाचित्रकाराला नेमके हेच पांढरेपण हवे असते. म्हणजे दोन आठवड्यांच्या अंतराने त्याच जागेची दोन चित्रे मिळतात: एक कुरूप आणि सत्य सांगणारे, दुसरे सुंदर आणि नुकसान झाकणारे. दिनदर्शिकांवर आपण पाहतो ते बहुधा दुसरे. ते खोटे नसते. पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते देत नाही.

जुनी चित्रे मात्र स्वतःचा हेतू ओलांडून बोलू लागली आहेत. मिट्टेलहोल्त्सर यांचा संग्रह झुरिखच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन झाला असून त्यातील चित्रे आता कोणालाही संगणकावर पाहता येतात. त्यांनी १९१९ च्या ऑगस्टमध्ये माँ ब्लांच्या परिसरावरून घेतलेली काही चित्रे डंडी विद्यापीठाचे किरन बॅक्स्टर यांनी बरोबर शंभर वर्षांनी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पुन्हा टिपली. चित्रातील शिखरे परस्परांशी कशी जुळतात यावरून त्यांनी जुन्या विमानाची आकाशातली जागा गणिताने शोधून काढली आणि हेलिकॉप्टरने त्या जागी जाऊन कॅमेरा रोखला. फुग्याला जी पुनरावृत्ती अशक्य होती, ती अशी साधली. दोन चित्रे शेजारी ठेवली की शिखरांच्या रेषा तंतोतंत जुळतात आणि त्यांच्यामधले बर्फ खाली बसलेले दिसते. ऋतू तोच ठेवण्याची काळजी घेतली म्हणून या तुलनेला अर्थ आहे.

जमिनीवरून घेतलेल्या जुन्या छायाचित्रांचाही असाच उपयोग झाला. १९१६ ते १९४७ या काळात नकाशे बनविण्यासाठी घेतलेल्या सुमारे २१,७०० चित्रांच्या आधारे स्विस संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की १९३१ ते २०१६ या अवधीत स्विस हिमनद्यांचे आकारमान निम्म्यावर आले. त्यानंतर एकट्या २०२२ मध्ये उरलेल्या बर्फापैकी सुमारे ६ टक्के आणि २०२३ मध्ये सुमारे ४ टक्के नाहीसे झाले. स्पेल्टेरिनी आणि मिट्टेलहोल्त्सर यांच्या झांक्ट गालेन प्रांतातच पिझोल नावाची लहान हिमनदी होती. ती इतकी आटली की मोजणीच्या यादीतून वगळावी लागली. २२ सप्टेंबर २०१९ रोजी सुमारे अडीचशे माणसे काळे कपडे घालून डोंगर चढून गेली आणि तिचा अंत्यविधी झाला. तारीख पुन्हा शरदाच्या तोंडाची आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येता येईल. काचेला जो शिशिर दिसत नव्हता, तो आपल्याला या चित्रांत का दिसतो? चित्रातला एकही कण बदललेला नाही. बदलला आहे तो वाचकाच्या हाती असलेला संदर्भ. स्पेल्टेरिनींच्या प्रेक्षकाला पर्वत आणि त्यावरचे बर्फ काळाच्या पलीकडचे वाटत होते, त्यामुळे चित्राखालची तारीख त्याच्या लेखी टोपलीतल्या माणसांच्या धाडसाची तारीख होती. आज ती बर्फाची तारीख झाली आहे. कवितेच्या बाबतीत आपण हे जाणतो: एखादी जुनी ओवी नव्या काळात नवा अर्थ धारण करते, तेव्हा आपण तिला खोटी म्हणत नाही आणि नवा अर्थ कवीच्या माथी मारीतही नाही. छायाचित्राविषयी मात्र आपण उतावळे होतो. कोणी त्याला निखळ पुरावा मानतो, कोणी निखळ सौंदर्य.

या दोन्ही टोकांना धोका आहे. केवळ पुरावा म्हणून पाहिले तर मिट्टेलहोल्त्सर यांनी थंडीत कठड्याबाहेर झुकून साधलेला कोन, त्यामागची राष्ट्राची आणि बाजाराची भूक, ताब्याचा दिलासा हे सगळे निसटते आणि आकड्यांखेरीज काही उरत नाही. केवळ सौंदर्य म्हणून पाहिले तर विलापाचीच चटक लागते. मावळत्या बर्फाची चित्रे पाहून हळहळण्यात एक सुख आहे, आणि युरोपीय पानगळीच्या कवितेने त्या सुखाला फार दिवसांपासून प्रतिष्ठा दिली आहे. पानगळीनंतर मात्र वसंत येतो. लार्चला वैशाखाच्या सुमारास नव्या सुया फुटतात. हिमनदीचे तसे नाही. म्हणून शिशिराचे रूपकही येथे पूर्णपणे लागू पडत नाही, आणि हे रूपक वापरताना ते कोठे तुटते हे सांगणे टीकेचे काम आहे.

हस्तलिखित हाती आले की आपण आधी त्याचा काळ विचारतो, लेखनिकाचा हात ओळखतो, कोणता भाग नंतर लिहिला गेला आणि कोणता झाकला गेला ते तपासतो, आणि मगच अर्थाकडे वळतो. वर्गात भूदृश्याचे चित्र लावताना हीच शिस्त पाळावयास हरकत नाही. चित्र कोणत्या महिन्यातले आहे, नवे हिम पडण्याआधीचे की नंतरचे, ऊन कोणत्या बाजूने येते, काचेला कोणता रंग दिसत नव्हता, असे चार प्रश्न आधी विचारले तर विद्यार्थी त्या चित्रापुढे अधिक वेळ थांबतील.